शितावरून भाताची परीक्षा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाच्या कार्यकारिणीत ठरलं की आपल्या सभासदांच्या तब्येतीची एक पाहणी करायची. इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली मंडळी आता पन्नाशी ओलांडत होती, कुणाचे आईवडील कायमचे राहायला आले होते. पाहणीवरून गरज दिसली तर रक्तदाब आणि साखर तपासण्याचं शिबिर भरवायचं, असा बेत होता. प्रश्नावली तयार करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. वीस प्रश्न, सगळे इंग्रजीत, फोनवर पाच मिनिटांत भरून होतील असे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दुवा टाकला आणि आठवडाभरात साठ उत्तरं आली. मी खूश! निष्कर्षही खूश करणारे होते. बहुतेक जण नियमित चालतात, पळतात, पोहतात. मधुमेह आहे असं साठातल्या फक्त चौघांनी लिहिलं होतं. बैठकीत मी रंगीत आलेख दाखवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि 'सध्या शिबिराची गरज दिसत नाही' असा ठराव झाला.

पुढे गणपती आले. आरतीनंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मी मोदक वाढत होते. एका काकूंनी ताटलीवर हात आडवा धरला. "मला नको गं, साखर वाढलीये." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मलाही अर्धाच दे, नैवेद्याचा म्हणून." ओट्याशी उभ्या असलेल्या पाचजणींपैकी चौघींचं तेच. मी चमकून विचारलं, "काकू, तुम्ही तो फॉर्म भरला होता ना?"

"कुठला फॉर्म?" काकू म्हणाल्या. "अगं, तो फोन मला नातवाशी बोलण्यापुरता येतो. आणि मुलाच्या फोनवरून भरायचं म्हणजे त्याला सगळं कळणार. उगाच काळजी करत बसेल."

माझ्या रंगीत आलेखांचं काय झालं ते तिथल्या तिथे समजलं. शितावरून भाताची परीक्षा करायची ही आपल्या आज्यांची रीत, आणि ती खोटी नाही. पण शीत पातेल्यातल्या कुठल्याही भागातून उचललं पाहिजे. मी मात्र वर आलेली, आपणहून हाती लागलेली शितं चाचपून पाहिली होती. तळाचा भात कच्चा की करपलेला, ते मी पाहिलंच नव्हतं.

त्या चुकीची टोचणी लागली म्हणून मी वाचायला लागले, आणि लक्षात आलं की आपण ज्या शहरात राहतो त्या एडिनबरामध्ये हाच प्रश्न अडीचशे वर्षांहून जास्त काळ सोडवला जातोय. जो बोलायला येत नाही, त्याची मोजदाद कशी करायची? त्याचीच ही हकिकत.

वेबस्टर यांची गणती

रॉयल माइलवरून आपण पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेतो. त्याच रस्त्यावरच्या टोलबूथ चर्चमध्ये अठराव्या शतकात अलेक्झांडर वेबस्टर नावाचे धर्मोपदेशक होते. १७४० च्या दशकात त्यांनी रॉबर्ट वॉलेस या दुसऱ्या धर्मोपदेशकाबरोबर एक निधी उभा केला. धर्मोपदेशक वारला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना त्यातून आधार मिळायचा. असा निधी बुडू नये म्हणून दरवर्षी किती माणसं मरतील, किती विधवा मागे राहतील याचा अंदाज लागतो. एडिनबरा विद्यापीठातले गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी ती आकडेमोड तपासून दिली. आजच्या आयुर्विम्याच्या पूर्वजांपैकी हा एक निधी.

हा अनुभव गाठीशी असलेल्या वेबस्टर यांनी पुढे गावोगावच्या धर्मोपदेशकांकडून माणसांचे आकडे मागवले आणि १७५५ साली स्कॉटलंडची लोकसंख्या १२,६५,३८० असल्याचं मांडलं. ब्रिटनची पहिली सरकारी जनगणना झाली १८०१ मध्ये, म्हणजे त्यानंतर तब्बल ४६ वर्षांनी.

यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. अनेक गावांहून आलेले आकडे सगळ्या माणसांचे नव्हतेच. धर्मोपदेशकाच्या वहीत ज्यांची धर्मज्ञानाची परीक्षा घेता येईल अशा वयाच्या माणसांचीच नोंद असे. लहान मुलं त्या वहीत नसत. वेबस्टर यांनी ते आकडे तसेच्या तसे जोडले नाहीत. एखाद्या वस्तीत लहान मुलांचं प्रमाण साधारण किती असतं याचे त्या काळी तयार झालेले तक्ते त्यांनी घेतले आणि त्या हिशोबाने गावाचा आकडा वाढवला. वहीत कोण आलं नाही हे ओळखायचं आणि त्याची भर हिशोबाने घालायची, ही युक्ती आजही वापरात आहे.

तांबड्या शाईतलं पत्र

दुसरे गृहस्थ सर जॉन सिंक्लेअर. उत्तर टोकाच्या थर्सो गावचे जमीनदार आणि खासदार. १८३५ साली ते एडिनबरामध्ये वारले आणि होलीरूडच्या मठात त्यांना पुरलं. जर्मनीच्या प्रवासात 'स्टॅटिस्टिक' हा शब्द त्यांच्या कानावर पडला. तिथे त्याचा अर्थ राज्याचं बळ मोजणं असा होता. सिंक्लेअर यांना लोक किती सुखात आहेत आणि ते सुख कसं वाढवता येईल हे मोजायचं होतं. तो शब्द इंग्रजीत रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

१७९० साली त्यांनी स्कॉटलंडमधल्या नऊशेहून अधिक पॅरिशच्या धर्मोपदेशकांना प्रश्नावली धाडली. प्रश्न होते १६०, पुढे त्यात आणखी काहींची भर पडली. जमीन कशी, हवा कशी, रोग कुठले, माणसं किती वर्षं जगतात, मजुरी किती मिळते. माझ्या वीस प्रश्नांना लोक कंटाळले, तर १६० प्रश्नांचं काय झालं असेल? जे उत्साही होते त्यांनी लगेच लिहून पाठवलं. बाकीचे गप्प.

इथे सिंक्लेअर थांबले असते तर त्यांच्या हाती उत्साही धर्मोपदेशकांच्या गावांचं चित्र लागलं असतं, स्कॉटलंडचं नाही. ते थांबले नाहीत. आलेल्या उत्तरांचा पहिला खंड १७९१ मध्ये छापून काढला, म्हणजे बाकीच्यांना आपलं गाव राहिल्याची रुखरुख लागावी. पुस्तकाचं उत्पन्न धर्मोपदेशकांच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेला देऊन टाकलं. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली, आणि शेवटी उरलेल्यांना तांबड्या शाईत पत्र लिहिलं. तरीही जे हलले नाहीत त्यांच्या गावी आपली माणसं पाठवून माहिती लिहून आणली. या माणसांना 'सांख्यिकी मिशनरी' असं गमतीचं नाव होतं. १७९९ मध्ये एकविसावा खंड निघाला तेव्हा ९३८ पॅरिशची हकिकत पूर्ण झाली होती.

आजच्या पाहणीची तीन हत्यारं इथे आहेत: उत्तर देणाऱ्याला काहीतरी लाभ, पुन्हा पुन्हा आठवण, आणि शेवटी दारात जाणं. सिंक्लेअर यांच्या पाहणीतही एक उणीव राहिलीच. गावाच्या वतीने बोलला तो धर्मोपदेशक. मजुराची बायको किंवा दुसऱ्या पंथाचा विणकर स्वतः बोलला नाही. माझ्या फॉर्मवर एका घरात मुलाने आईच्या वतीने 'तब्येत उत्तम' अशी खूण केली होती, ते मला यावरून आठवलं.

बुध गावचे सुखात्मे

आता जरा आपल्या मुलखात येऊ. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. योग असा की १९३४ साली जर्झी नेमन यांनी लंडनमध्येच तो प्रसिद्ध निबंध वाचला, ज्यात जाणकाराने 'प्रातिनिधिक वाटते' म्हणून निवडलेल्या नमुन्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना का भरवशाचा हे दाखवलं होतं. सुखात्मे नेमन यांच्या हाताखाली शिकले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच विषयात स्वतःची भर घातली.

भारतात परतल्यावर त्यांच्यासमोर शेतीचा प्रश्न आला. आपल्याकडे पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. तलाठी शेताकडे नजर टाकून सांगे, यंदा आठ आणे पीक, यंदा बारा आणे. नजर कोणत्या शेतावर पडणार? बहुधा रस्त्याकडेच्या. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या प्रयोगांची पद्धत बसवली. गाव चिठ्ठीने निवडायचं, गावातलं शेत चिठ्ठीने, शेतातला तुकडा चिठ्ठीने. तेवढ्याच तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. कुणाच्या मर्जीला आणि रस्त्याच्या सोयीला वावच नाही. सुखात्म्यांचा नमुना पाहणीवरचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला. १९५१ पासून ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्याला परतून त्यांनी आहार आणि कुपोषण यांवर काम केलं. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९७ मध्ये ते गेले.

तीच शिस्त भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती १९९२-९३ पासून करते आहे. आधी गाव किंवा वॉर्ड चिठ्ठीने निवडतात, मग तिथल्या घरांची यादी करतात, मग त्या यादीतून घरं निवडतात आणि प्रशिक्षित बाई दारात जाऊन त्या घरच्या बाईशी तिच्या भाषेत बोलते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक घरं झाली आणि निवडलेल्या शंभर घरांपैकी जवळपास अठ्ठ्याण्णव घरांनी माहिती दिली. फोनवर दुवा टाकून अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरं मिळवून दाखवावीत कुणीतरी!

तळघरातल्या वह्या

पुन्हा एडिनबराला येऊ. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडच्या शाळांमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. १९२१ साली जन्मलेल्या, त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने बुद्धिमापनाची एकच चाचणी दिली. एकूण मुलं ८७,४९८. चाचणी मोरे हाउसच्या गॉडफ्रे थॉमसन यांची होती. ४ जून १९४७ ला १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांसाठी हेच पुन्हा झालं. कुठल्याही देशाने एका वर्षी जन्मलेली जवळपास सगळी मुलं अशी मोजल्याचं दुसरं उदाहरण नाही.

त्या गुणांच्या वह्या एडिनबरामध्ये पडून होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली यांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या. लोदियन परिसरात राहणाऱ्या त्या जुन्या मुलांना हाक दिली गेली. १९२१ च्या वर्गातली ५५० माणसं आली, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. १९३६ च्या वर्गातली १,०९१ माणसं २००४ ते २००७ या काळात आली, सत्तरीच्या आसपासची. म्हातारपणी बुद्धी का टिकते आणि का ढासळते याविषयी जगाला त्यांच्याकडून पुष्कळ कळलं आहे.

माझ्या विषयाला हे उदाहरण इतकं चपखल आहे की वाचून मी थक्क झाले. एरवी पाहणीत कोण आलं नाही हे आपल्याला माहीतच नसतं. इथे मात्र न आलेल्यांचेही अकराव्या वर्षीचे गुण वहीत होते. ताडून पाहिलं तर काय दिसलं? म्हातारपणी हाकेला ओ देऊन आलेल्यांचे बालपणीचे गुण सरासरी स्कॉटिश मुलापेक्षा वरचे होते. म्हणजे स्वयंसेवक होणं हा योगायोग नसतो. जो जगला, ज्याची तब्येत धड आहे, जो शिकलेला आहे, तोच पुढे येतो. संशोधक हे लपवत नाहीत. किती वरचे ते मोजता येतं म्हणून निष्कर्ष काढताना ते जमेस धरतात.

दुवा पाठवला की काम झालं?

इंटरनेट आल्यावर पाहणी स्वस्त झाली आणि जुना रोग नव्या जोमाने आला. खरं तर तो कागदावरही होताच. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, तेवीस लाखांवर परत आल्या आणि लँडन निवडून येणार असं त्यांनी जाहीर केलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. मोठा आकडा पाहून भुलायचं नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

कोविडच्या काळात तो पुन्हा मिळाला. अमेरिकेत फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक एका आरोग्य पाहणीला उत्तरं देत होते. मे २०२१ मध्ये किती प्रौढांनी लशीची पहिली मात्रा घेतली याचा त्यांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा १७ टक्क्यांच्या अंकांनी जास्त निघाला. त्याच वेळी जेमतेम हजार माणसांची, पण पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठीने निवडलेली आणि इंटरनेट नसलेल्यांनाही सामावून घेणारी दुसरी पाहणी खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ होती. वर्षअखेरीस 'नेचर'मध्ये आलेल्या लेखात गणित मांडलं होतं: त्या अडीच लाख उत्तरांची किंमत चिठ्ठीने निवडलेल्या फक्त दहा माणसांएवढी! आकडा मोठा असला की चूक कमी होत नाही, चुकीवरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

ब्रिटनमधली उदाहरणंही बोलकी आहेत. यूके बायोबँकने २००६ ते २०१० मध्ये नव्वद लाखांहून अधिक लोकांना निमंत्रणं पाठवली. आले पाच लाख, म्हणजे शंभरातले साडेपाच. ते इतरांपेक्षा कमी धूम्रपान करणारे, कमी लठ्ठ आणि बऱ्या वस्त्यांतले होते. एडिनबरा विद्यापीठाच्या 'जनरेशन स्कॉटलंड'ने २००६ ते २०११ मध्ये सुमारे २४,००० लोक गोळा केले. तो कुटुंबांचा अभ्यास होता, म्हणून सुरुवातीला निवडलेल्या माणसाबरोबर त्याचा भाऊ, बहीण, आईवडील किंवा मूल असं जवळचं प्रौढ नातलगही यावं लागे. नियम शास्त्राला धरून होता. पण जरा विचार करा. एकटं विमानातून उतरलेलं, लहान मुलं असलेलं आपल्यासारखं जोडपं त्यात बसणार कसं? आपला भाऊ असतो कोल्हापुरात आणि आई नाशकात. कुणी मुद्दाम आपल्याला वगळलं नाही, तरी आपण वगळलेच गेलो.

याच संस्थेने एप्रिल २०२० मध्ये 'कोविडलाइफ' ही ऑनलाइन पाहणी सुरू केली, तिला १८,००० हून अधिक उत्तरं आली. २०२२ मध्ये अभ्यासाची दारं पुन्हा उघडली तेव्हा नातलगाची अट राहिली नाही. नोंदणी ऑनलाइन आणि लाळेचा नमुना पोस्टाने. दार रुंद झालं हे खरं, पण दाराशी जायला अजूनही इंटरनेट, इंग्रजी आणि उत्साह लागतो.

२०२२ च्या स्कॉटिश जनगणनेचं उदाहरण तर आपण सगळ्यांनी अनुभवलं. घरी पत्र आलं, त्यावर संकेतांक होता, तो घालून ऑनलाइन भरायचं. कागदी फॉर्म मागितला तर मिळत होता. मुदत वाढवूनही शंभरातल्या ८९ घरांच्या आसपासच प्रतिसाद आला, लक्ष्य ९४ चं होतं. ग्लासगोमध्ये तर त्याहून कमी. इंग्लंड आणि वेल्समध्ये आदल्या वर्षी ९७ टक्के झाला होता. मग काय केलं? निवडक भागांत माणसं पाठवून वेगळी पाहणी केली, आरोग्य खात्यासारख्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं आणि किती माणसं सुटली याचा हिशोब मांडून लोकसंख्या ५४ लाख ३६ हजारांच्या पुढे असल्याचं जाहीर केलं. थोडक्यात, सिंक्लेअर यांचे मिशनरी आणि वेबस्टर यांचे तक्ते.

न विचारता मोजणं, जाऊन विचारणं

आपल्यासारख्यांच्या बाबतीत एडिनबरामध्ये झालेली दोन कामं मला विशेष महत्त्वाची वाटतात. दोन्हींमागे एडिनबरा विद्यापीठातले प्राध्यापक राज भोपाळ होते.

पहिलं काम म्हणजे २००१ ची जनगणना आणि रुग्णालयांच्या नोंदी यांची सांगड. जीपीकडे नाव घातलं की आपल्याला दहा आकडी सीएचआय क्रमांक मिळतो, ज्याचे पहिले सहा आकडे आपली जन्मतारीख असते. नावगाव झाकून, संकेतांकांच्या आधारे सुमारे ४६ लाख लोकांच्या दोन्ही नोंदी जोडल्या गेल्या. कुणाला प्रश्नावली पाठवावी लागली नाही, त्यामुळे 'कोण उत्तर देईल' हा प्रश्नच उरला नाही. काकूंनी फॉर्म भरला नाही तरी त्या मोजल्या गेल्या. त्यातून दिसलं की दक्षिण आशियाई लोकांमध्ये हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण इथल्या इतर लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे, मात्र झटक्यानंतर जगण्याची शक्यता कमी नाही. पहिली गोष्ट आपल्याला काळजीत टाकणारी, दुसरी दिलासा देणारी. स्वयंसेवकांच्या पाहणीत दोन्ही धूसर राहिल्या असत्या.

दुसरं काम २००७ पासूनचं. एडिनबरा आणि ग्लासगोमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांत मधुमेह टाळता येतो का याचा प्रयोग झाला. १,३०० हून अधिक लोकांची तपासणी करून १७१ जणांना त्यात घेतलं. आहारतज्ज्ञ तीन वर्षं त्यांच्या घरी गेले आणि स्वयंपाक करणाऱ्यांनाही बरोबर घेऊन बोलले. वजनात फरक पडला तो दीड किलोच्या आसपास, पण तो खरा होता. लोक मिळवायला मात्र पत्रं पाठवून भागलं नाही. समाजाच्या संस्था, ओळखीची माणसं, समोरासमोरची बोलणी, यांतूनच लोक आले. आपल्या मंडळांसारख्या संस्थांचा उपयोग इथे असतो.

आमचा दुसरा प्रयत्न

एवढं वाचल्यावर मी पहिल्यांदा मंडळाची वही काढली. पन्नाशीखालचे प्रौढ सभासद १४० आणि पन्नाशीवरचे ६०, असे एकूण २००. माझ्या साठ उत्तरांत पन्नाशीखालची ५६ आणि वरची फक्त ४ होती. मधुमेह लिहिणारे दोन खालचे, दोन वरचे. आता हिशोब पाहा. खालच्या गटात प्रत्येक उत्तर अडीच माणसांच्या वतीने बोलतं, कारण १४० भागिले ५६ म्हणजे अडीच. वरच्या गटात प्रत्येक उत्तर १५ माणसांच्या वतीने. म्हणजे मधुमेही झाले ५ अधिक ३०, एकूण ३५. दोनशेत ३५ म्हणजे साडेसतरा टक्के. मी बैठकीत सांगितले होते जेमतेम सात!

या युक्तीला भार देणं म्हणतात. पण तिच्यावर फार विसंबू नये हेही याच हिशोबात दिसतं. वरच्या चौघांपैकी एकाने जरी वेगळं उत्तर दिलं असतं तरी एकदम पंधरा माणसं इकडची तिकडे झाली असती. शिवाय ते चौघे फोन सराईतपणे वापरणारे. ते मोदकाला हात आडवा धरणाऱ्या काकूंच्या वतीने बोलू शकतात का? न आलेल्याचं वय आपल्याला कळतं, त्याच्या मनातलं कळत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी पद्धतच बदलली. वहीतल्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, दोन डब्यांत घातल्या आणि लहान मुलांकडून प्रत्येकी वीस काढून घेतल्या. प्रश्न वीसवरून सात केले आणि मराठीत लिहिले. ज्याला फोनवर भरायचं त्याने फोनवर, नको त्याला कागद आणि बंद पाकीट, नाव लिहायचं नाही. दोनदा आठवण केली, आणि राहिलेल्यांकडे आम्ही दोघीतिघी चहाच्या निमित्ताने जाऊन आलो. चाळीसपैकी छत्तीस उत्तरं आली. त्या आकड्यांचे आलेख मी केले नाहीत. शिबिराची तारीख ठरवायला ते तसेच पुरेसे होते.

शिबिर झालं. आपल्याला साखर आहे हे तिघांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यातले एक काका माझ्या पहिल्या पाहणीत 'तब्येत उत्तम' लिहिणाऱ्यांत होते. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना माहीतच नव्हतं. मधले काही महिने माझ्या आलेखांमुळे गेले, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

आणि वहीतही सगळे कुठे आहेत? सभासद न झालेले विद्यार्थी, हॉटेलात रात्रपाळी करणारी मुलं, नुकतंच आलेलं जोडपं, हे आमच्या डब्यात चिठ्ठी होऊन पडलेच नव्हते. पुढच्या वेळी त्यांना कसं गाठायचं याचा विचार चालू आहे. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. कधी तुमच्या दारात आरोग्य पाहणीचं पाकीट आलं, किंवा जनगणनेचा माणूस आला, तर 'आमच्या एकट्याने काय होतंय' म्हणून परत पाठवू नका. तुमचा पत्ता चिठ्ठीने निघाला असेल तर तुमच्या जागी दुसरा कुणी चालत नाही. घरी आई किंवा सासूबाई असतील तर त्यांच्या वतीने खूण करून मोकळे होऊ नका. त्यांच्याजवळ बसा, प्रश्न मराठीत वाचून दाखवा, आणि त्या काय म्हणतात ते लिहा. वाटल्यास तुम्ही थोडा वेळ बाहेर जा आणि त्यांनाच लिहू द्या.

यंदाच्या गणपतीत काकूंनी मोदक घेतला, अर्धा. "साखर आता ताब्यात आहे गं," म्हणाल्या, "आणि मुलालाही सांगून टाकलं."